बेचाळीस गावांची माती

मुलुंड पूर्वेच्या 'सुरेख' सोसायटीत महापालिकेचे पाणी पहाटे पाच चाळीसला येते. पाच बेचाळीसला वॉचमन गुणाजी पंपाचे बटण दाबतो. पंप आधी दोनदा खोकतो आणि मग सुरू होतो. पंपघराला खेटूनच गुणाजीची पत्र्याची खोली आहे. पंप चालू झाला की तिथली फळीवरची भांडी हलकेच वाजू लागतात. पावणेसहाला गुणाजीची बायको सुगंधा केस बांधत बाहेर येते, बादली भरते आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर जाऊन तिथून जिना पुसत खाली उतरू लागते. सव्वासहाला दुधाच्या पिशव्या दारांना लटकतात. साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरची पद्मजा देवस्थळी गॅसवर दोन भांडी चढवते, एकात सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा, दुसऱ्यात स्वतःचा, आणि दोन्ही उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहत उभी राहते.

खाली पाहण्यासारखे फारसे काही नसे. पूर्वी मोडक्या सायकली पडायच्या त्या जागेत महिनाभरापासून ओल्या गोणपाटाखाली विटा रचलेल्या होत्या. या विटा भट्टीत भाजलेल्या नव्हत्या. मुरूम, थोडे सिमेंट आणि बेताचे पाणी कालवून लोखंडी यंत्रात हाताने दाबलेल्या त्या मातीच्या विटा होत्या. गवंडी धोंडू सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारी. या विटांची एक खोली पत्र्याच्या खोलीशेजारी उभी राहणार होती आणि गुणाजी, सुगंधा व त्यांची बारावीतली मुलगी श्रुतिका तिच्यात राहायला जाणार होती.

त्या बुधवारी चहा उकळत असतानाच पद्मजाचा फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी देवदत्त पेंढारकरांचा संदेश होता: 'आपल्या पद्मजावहिनी घाटकोपरच्या मटेरियल टेस्टिंग लॅबच्या प्रमुख असल्याने विटांचे सर्टिफिकेट घरचेच आहे. रविवारच्या मीटिंगला हाती पडावे.' त्याखाली सात जोडलेले हात, चार टाळ्या आणि एक रोपटे.

"काय म्हणतायत?" भाऊंनी विचारले. पद्मजाचे सासरे, वय ब्याऐंशी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पद्मजाचा नवरा गेल्यापासून घरात ती दोघेच होती.

"सर्टिफिकेट हवंय रविवारपर्यंत."

"मग दे की. आपल्या तुळशीची वीट पास होते का बघू."

पावणेआठला पद्मजा डबा घेऊन खाली उतरली, गोणपाटाचे टोक उचलले आणि चार विटा धोंडूकडून रिक्षात ठेवून घेतल्या. त्यातल्या एका विटेवर 'देवस्थळी' असे नाव उमटवलेले होते.

विटेवर नाव कसे आले, हे सांगायला हवे.

गुणाजीच्या खोलीचा विषय सोसायटीत अकरा वर्षे चालू होता. दर वर्षी तो सभेत निघे आणि दर वर्षी पुढच्या सभेवर जाई. पत्रा गंजला, उन्हाळ्यात श्रुतिका अभ्यासाला जिन्यात येऊन बसू लागली, तरी साध्या विटांची एक खोली बांधण्याचा उत्साह कोणाला आला नाही. मग देवदत्तांचा आर्किटेक्ट मुलगा मुकुल दक्षिणेत तीन महिन्यांचा एक अभ्यासक्रम करून आला. त्याने वार्षिक सभेत मातीच्या घरांच्या चित्रफिती दाखवल्या, भिंत श्वास घेते असे सांगितले आणि सोसायटीच्या पस्तिसाव्या वर्धापनदिनी असे एक घर उभे केले तर वर्तमानपत्रात फोटो येईल, असेही सांगितले. अकरा वर्षे जे माणसासाठी जमले नव्हते ते फोटोसाठी वीस मिनिटांत मंजूर झाले.

तेवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण सभेच्या शेवटी देवदत्त उठले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आपण सगळे मातीतून आलेले. प्रत्येक कुटुंबानं आपल्या गावची माती आणावी. प्रत्येक विटेत एक गाव!" सात मजले, दोन विंगा, मजल्यावर तीन बिऱ्हाडे, बेचाळीस कुटुंबे, बेचाळीस विटा. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या टाळ्यांत पद्मजाच्याही टाळ्या होत्या. शेतातल्या मातीत कुजलेला पालापाचोळा असतो, काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की तडकते, अशा मातीची भार घेणारी वीट होत नाही, हे त्या सभागृहात सर्वांत नेमके जिला माहीत होते ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्या क्षणी बोलणे तिला वाईट दिसले असते.

माती आली. मिठाईच्या खोक्यांतून, श्रीखंडाच्या डब्यांतून, एकीकडून तर चांदीच्या वाटीतून. ज्यांचे गाव तीन पिढ्यांपूर्वी सुटले होते त्यांनी चुलतभावाला फोन करून कुरिअरने मागवली. ज्यांना चुलतभाऊ माहीत नव्हता त्यांनी नर्सरी गाठली. देवस्थळींचे गाव चाळीस वर्षांपूर्वी धरणाखाली गेले होते, आणि त्या धरणावर भाऊंनी स्वतः नोकरी केली होती. त्यांनी हसत हसत गॅलरीतली तुळशीची कुंडी खुरप्याने उकरली. "घे. आता हेच आमचं गाव." पद्मजाने ती माती डब्यात भरली आणि डब्यावर बुडालेल्या गावाचे नाव लिहिले.

मुकुलने ठरवले की विटेत अर्धी माती गावची आणि अर्धा मुरूम, म्हणजे प्रत्येक गावाचा रंग उठून दिसेल. त्याच्या मूळ आराखड्यात या विटा चारही भिंतींत विखुरलेल्या होत्या. त्यावर सभासदांनी हरकत घेतली. "आमचं गाव न्हाणीच्या भिंतीला?" असे तिसऱ्या मजल्यावरच्या आठल्ये बाईंनी विचारले आणि त्या दोन दिवस मुकुलशी बोलल्या नाहीत. प्रत्येकाला आपले नाव दारापाशी हवे होते, कारण फीत दारात कापली जाणार होती. शेवटी सर्व नावे दाराच्या दोन्ही कडांना घ्यायची ठरली, एकेका बाजूला एकवीस थर. दाराच्या डोक्यावरचा आडवा लिंटल आणि त्यावरचे छप्पर याच दोन कडांवर टेकणार होते. सगळ्या घरात ज्या जागी सर्वांत मजबूत वीट हवी होती नेमक्या त्या जागी सर्वांत कच्ची वीट जाणार होती, आणि ती तिथे एकमताने गेली होती. डोळ्यांच्या उंचीवरचा थर कोणाचा, यावरून मात्र पुढे आणखी दोन बैठका झाल्या.

प्रयोगशाळेत पद्मजाने चारही विटा पाण्याच्या टाकीत सोडल्या. अशा विटेची परीक्षा ती कोरडी असताना घेऊन उपयोग नसतो. मुलुंडमध्ये भिंत वर्षाचे चार महिने ओलीच असते, म्हणून वीट आधी भिजवायची आणि मग यंत्राखाली दाबायची. देवस्थळींच्या विटेला यंत्राखाली जाण्याची वेळ आलीच नाही. शुक्रवारी सकाळी टाकीच्या तळाशी काळसर गाळ होता, त्यात तुळशीची बारीक मुळे तरंगत होती आणि 'ळी' एवढे अक्षर उमटलेला एक कोपरा शिल्लक होता. दुसरी वीट उचलताना दुभंगली. उरलेल्या दोन यंत्राखाली गेल्या आणि लागते त्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शालाच चुरल्या. मागच्या भिंतीसाठी दाबलेल्या नुसत्या मुरमाच्या विटा तिने आधीच तपासल्या होत्या. त्या उत्तम होत्या. धोंडूला त्याचे काम येत होते.

त्या संध्याकाळी ती परतली तेव्हा सुगंधा पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून कोकमाची सोलं निवडत होती.

"सुगंधा, नव्या घराबद्दल तुम्हाला काही विचारलं होतं का गं कोणी? खिडकी कुठे हवी, मोरी कुठे हवी?"

सुगंधाने मान वर केली नाही. "आमका? कित्याक? घर तुमचा, नावा तुमची. आमी आपले आत रवतलो."

"तुमच्या गावची माती नाही का आणली?"

आता सुगंधा हसली. "गावची माती? गावात होती तेवढी दिरान आपल्या नावावर केल्यान. आनतलंय खंयसून? आनि वैनी, माती मागुक कोन इल्लो आमच्याकडे? बेचाळीस घरा फिरले ते. आमचा घर त्येच्यात मोजूक नाय."

पद्मजाला हे खरोखरच सुचले नव्हते. त्या घरात जे राहणार होते त्यांचे नाव त्या घरावर कुठेच नव्हते, आणि हे बेचाळीस सुशिक्षित कुटुंबांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

सुगंधाने निवडलेली सोलं सुपात लोटली. मग हलक्या आवाजात विचारले, "वैनी, तुमी त्या इटा घेऊन गेल्लात. खरा सांगा. ता दार पडात काय?"

"आत्ताच्या विटांनी बांधलं तर पावसात धोका आहे."

"श्रुती दारातच बसता अभ्यासाक. उजेड थयच येता." एवढेच बोलून ती सूप घेऊन आत गेली.

रविवारी कमिटी देवदत्तांच्या दिवाणखान्यात भरली. पद्मजाने सोबत एक प्लास्टिकची बादली आणली होती. ती टेबलावर ठेवायला जाताच देवदत्तांच्या पत्नी अस्मिता लगबगीने उठल्या. "थांबा हं, पेपर घालते खाली. काच नवी आहे."

पेपर घातला गेला. पद्मजाने बादली ठेवली आणि सर्वांनी वाकून आत पाहिले.

"ही आमची वीट," ती म्हणाली. "दोन दिवस पाण्यात होती."

"पण मग पाण्यात ठेवलीच कशाला?" अस्मितांनी विचारले. विचारण्यात खोडसाळपणा नव्हता; त्यांना खरेच कळले नव्हते.

मुकुल सोफ्याच्या हातावर बसला होता. "मॅडम, एक बोलू? तुमच्या लॅबला ना, सगळं सिमेंटसारखं वागायला हवं असतं. माती जिवंत असते. ती श्वास घेते."

"आमची सोडून बसली."

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"नक्की काय माती होती तुमची, वहिनी?" देवदत्तांनी विचारले.

पद्मजाने सांगितले. तुळशीची कुंडी, धरण, डब्यावरचे नाव, सगळे. तिला वाटले होते की स्वतःपासून सुरुवात केली तर इतरांना बोलणे सोपे जाईल. झाले उलटेच. खोलीत एक प्रकारचा सुटकेचा श्वास पसरला.

"म्हणजे प्रॉब्लेम तुमच्या विटेत आहे!" आठल्ये बाई म्हणाल्या. त्यांच्या गावची माती मालाडच्या नर्सरीतून आली होती आणि पिशवीवर नर्सरीचा शिक्का तसाच होता, हे धोंडूने पाहिले होते. "आम्ही श्रद्धेनं आणलीय हो. तुम्ही कुंडीतली आणून सगळ्यांना फसवलंत."

"मी आणखी तीन तपासल्या. एक तुमची होती. ती उचलताना फुटली."

आठल्ये बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि तुमची, देवदत्तभाऊजी, खाली गोणपाटातच आहे. सोलापूरची काळी. ती सुकताना मधोमध तडकलीय, नुसत्या डोळ्यांनी दिसते. या विटा दाराच्या कडांना लावता येणार नाहीत. नुसत्या मुरमाच्या पुन्हा दाबून घेऊ. नावं तीच राहतील."

"आणि गाव?" देवदत्तांचा आवाज चढला. "गाव कुठे राहिलं मग त्यात? वहिनी, इथे भावना आहेत लोकांच्या. माझ्या बहिणीनं सोलापूरहून एसटीनं आणलीय ती माती. पत्रिका छापायला गेलीय, 'बेचाळीस गावांचे एक घर'. आणि आता मुरूम? मुरूम तर कुठल्याही खाणीचा!"

"घर गुणाजीचं आहे."

"हो, मग? अहो, अकरा वर्षं पत्र्यात राहिला तो. काही झालं का त्याला?"

हे वाक्य ज्या सहजपणे आले आणि ज्या सहजपणे ऐकले गेले, ते पद्मजाने नीट ध्यानात ठेवले. खोलीत सात माणसे होती. दोन निवृत्त प्राध्यापक, एक डॉक्टर. एकाचीही मान हलली नाही. डॉक्टर बिस्किटाचा चुरा बशीत गोळा करत होते.

मुकुलने तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो वाकबगार होता. "हे बघा, मागच्या भिंतीच्या विटा पास आहेत ना? मग त्यांचंच सर्टिफिकेट द्या. 'सोसायटीच्या मातीच्या विटा' असं लिहा. खोटं कुठे आहे त्यात?"

"म्हणजे तपासायच्या एक आणि लावायच्या दुसऱ्या."

"शब्दात काय अडकताय यार," मुकुल म्हणाला आणि लगेच सावरला, "सॉरी, मॅडम. पण एका खोलीसाठी किती ताणायचं? तुम्हाला जमत नसेल तर माझ्या ओळखीचा एक जण देतो असे रिपोर्ट. बुधवारपर्यंत आणून देईल."

पद्मजाने बादलीकडे पाहिले. गाळ आता तळाशी बसला होता आणि वरचे पाणी नितळ झाले होते. तिने नकार दिला असता तर नकार तिच्यापाशी राहिला असता आणि विटा दाराला लागल्या असत्या. श्रुतिका उजेडासाठी त्याच दारात बसली असती.

"दुसऱ्याकडे नका जाऊ," ती म्हणाली. "सर्टिफिकेट मीच देते. फक्त पाच आठवडे द्या, आणि तोवर दाराच्या कडा बांधू नका. बाकीच्या भिंती चढू देत."

"बघा! ह्याला म्हणतात सहकार्य," देवदत्त म्हणाले आणि अस्मितांनी सर्वांना दुसऱ्यांदा चहा दिला.

सोमवारी सकाळी तिने धोंडूला गाठले. धोंडू राजापूरकडचा, बाप गिरणीत होता, हा गवंडी झाला आणि साठीला टेकला. मातीच्या विटांचे काम तो कर्जतच्या एका साइटवर शिकला होता.

"बाई, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, मुकुलदादा, ही माती नाही, हा प्रसाद आहे. चाळणीत काय काय निघालं माहितेय? हळदकुंकू, तांदूळ, फुलाच्या पाकळ्या. एका पुड्यात अख्खा वेलदोडा. पूजा करून आणलेली ना सगळ्यांनी! दादा म्हणाले, धोंडू, तू तुझं मशीन दाब."

"बेचाळीस विटा पुन्हा दाबायला किती वेळ लागेल?"

"अर्धा दिस. पण लोक बघतील की."

"रविवारी कोणी नसेल."

तो रविवार सोसायटीच्या सहलीचा होता. 'मातीशी पुन्हा नाते' अशी ती सहल मुकुलनेच ठरवली होती. कर्जतच्या पुढे एका कृषी पर्यटन केंद्रात अनवाणी चालणे, चाकावर मडके घडवणे आणि दुपारी चुलीवरचे जेवण. सकाळी सात वाजता दोन बसगाड्या फाटकातून बाहेर पडल्या. भाऊंचे गुडघे दुखतात असे सांगून पद्मजा मागे राहिली होती. भाऊंचे गुडघे खरेच दुखत होते.

साडेसातला यंत्रावरची ताडपत्री निघाली. धोंडूने मुरूम चाळला, सिमेंट टाकले. सुगंधा पाण्याची बादली घेऊन स्वतःहून आली आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता फावड्याने कालवू लागली. गुणाजी फाटकावर बसून राहिला; कोणी आले तर तो शिट्टी वाजवणार होता. भाऊ जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी सभासदांची यादी मांडीवर घेतली. ते नाव वाचायचे, पद्मजा अक्षरांचे साचे जुळवून पेटीत बसवायची, सुगंधा माल भरायची आणि धोंडू दांड्यावर सगळे वजन टाकून वीट दाबायचा.

"रिसबूड," भाऊ वाचत. "ह्यांचं गाव वाई. जन्म पार्ल्याचा, शाळा पार्ल्यातली, लग्न पार्ल्यात. वाईला एकदा गेले होते, गणपती बघायला. दाबा."

"भाऊ, नुसतं नाव वाचा," पद्मजा म्हणाली.

"वाचतोय की. पुढचे आठल्ये. गाव मालाड, नर्सरी." सुगंधा तोंडाला पदर लावून हसली. "पुढचे पेंढारकर. ह्यांना डोळ्यांच्या उंचीला लावायचंय हं, धोंडू, विसरू नको. नाहीतर घर पाडून परत बांधायला लावतील."

दहा विटा झाल्यावर धोंडू दांडा सोडून उभा राहिला. "बाई, एक घोळ आहे. ह्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसणार. मुरमाच्या. आधीच्यांत काळी, पिवळी, तांबडी अशी दिसत होती. मुकुलदादाला लगेच कळेल."

हे पद्मजाच्या लक्षात आले नव्हते.

"पुड्यात उरलीय थोडी थोडी सगळ्यांची," धोंडू म्हणाला. "पातळ करून तोंडावर एकेक हात फिरवतो. तेवढ्यापुरता रंग येईल. आतून मुरूम, वरून गाव."

भाऊंनी यादीवरून नजर उचलली. "वरवरच?"

"हो."

"मग काही बदललंच नाही म्हणायचं," भाऊ म्हणाले. "फिरव हात."

दुपारी एकपर्यंत एक्केचाळीस विटा ओळीने सावलीत मांडल्या गेल्या आणि धोंडूने प्रत्येकीच्या दर्शनी बाजूवर ज्या त्या पुड्यातल्या मातीचा कुंचला फिरवला. दिसायला त्या आधीच्यांसारख्याच दिसत होत्या. बेचाळिसावी वीट यंत्रातून निघाली तेव्हा धोंडूने विचारले, "तुमचीवर काय फिरवू? कुंडीतली आहे थोडी."

पद्मजाने भाऊंकडे पाहिले. ते यादीची घडी घालत होते. "काही नको," ते म्हणाले. "आमची नुसतीच ठेव. मुरूम तर मुरूम."

"आनि एक दाबूया काय?" पद्मजाने साचे गोळा करता करता सुगंधाला तिच्याच बोलीत विचारले. "तुमच्या नावाची?"

सुगंधा फावडे धूत होती. "नको गे बाय. नावान काय पाऊस थांबता? त्या मुकुलसायबाक सांगा, मोरी आतसून करा म्हणान. बाहेर आंघोळीक बसूचा म्हणजे दोन विंगा वरसून बघतत."

"सांगते," पद्मजा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने ते सांगितले, आणि सर्टिफिकेटसाठी ही अटच आहे असेही सांगितले. मुकुलने खांदे उडवून आराखड्यात मोरी आत घेतली.

त्याच मिश्रणाच्या सहा विटा धोंडूने नावाशिवाय दाबून ठेवल्या, तपासणीसाठी. जुन्या अडतीस विटा त्याने हातोडीने फोडून गोण्यांत भरल्या आणि चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या फुटक्या फरशांबरोबर डेब्रिजच्या टेम्पोत चढवल्या. संध्याकाळी सातला बसगाड्या परतल्या. कोणाच्या गालावर, कोणाच्या कपाळावर माती होती आणि ती मुद्दामच धुतलेली नव्हती. देवदत्त उतरले, ओल्या गोणपाटाकडे पाहून थांबले.

"वा, धोंडू! रविवारीसुद्धा पाणी मारतोस?"

"मातीचं काम ना, साहेब," धोंडू म्हणाला. "लक्ष ठेवावं लागतं."

देवदत्तांनी गोणपाटाचे टोक उचलले, आपली वीट शोधली आणि तिच्या काळ्या तोंडावरून अलगद बोट फिरवले. ते बोट त्यांनी कपाळाला लावले. मग ते अस्मितांना हाक मारून वर गेले.

त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी पाच बेचाळीसला पंप खोकला आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत पद्मजा खिडकीत उभी राहिली. एखाद्या दिवशी धोंडूला उशीर झाला तर ती खाली उतरून स्वतः गोणपाटावर पाणी मारून येई. बाविसाव्या दिवशी तिने त्या सहा बिननावाच्या विटा घाटकोपरला नेल्या, दोन दिवस भिजवल्या आणि एकेक करून यंत्राखाली ठेवल्या. काटा हव्या त्या आकड्यापर्यंत पोचला आणि पुढे गेला. तिने सहाही आकडे स्वतःच्या हाताने उतरवले, कारण हे काम तिला सहायकावर सोपवायचे नव्हते.

सर्टिफिकेटच्या छापील नमुन्यात 'नमुना कोठून घेतला' असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो 'ग्राहकाने पुरवला' असे लिहून भरला जातो. पद्मजाने लिहिले: 'दाराच्या दोन्ही कडांसाठी दाबलेल्या मिश्रणातून; चाचणी अधिकाऱ्याच्या समक्ष दाबून.' खाली सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.

संध्याकाळी तिने पाकीट देवदत्तांच्या पत्रपेटीत टाकले. पंपघरापाशी धोंडू हातपाय धूत होता. तीन भिंती छपरापर्यंत चढल्या होत्या आणि समोरची भिंत मधोमध मोकळी होती.

"उद्यापासून दाराचं काम धर," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.